फौजीनं न बदललेला फॉन्ट

चाळिशी ओलांडून आठ वर्षं झाली तरी मला चष्मा नको होता. सांगलीतल्या माझ्यासारख्या माणसाला नजर गेलेली चालते, गेल्याचं दिसलेलं चालत नाही. म्हणून पलूसकडच्या आमच्या साखर कारखान्यात, ऊसतोडीची यादी संगणकावरच्या ज्या काळ्या खिडकीत उघडते, तिचा फॉन्ट एका दुपारी मी बदलला. मराठी टायपिंगसाठी घेतलेला, मोठा, गोलमटोल फॉन्ट.

त्या खिडकीचा एकच हट्ट असतो: प्रत्येक अक्षराला सारखी जागा. माझ्या फॉन्टात एक अक्षर काटकुळं, दुसरं पोट सुटलेलं. खिडकीनं सगळ्यांना पोटवाल्याच्या मापाचे पाट मांडले. अक्षरं सोवळ्यातल्या पंगतीसारखी फटकून बसली, ओळ पडद्यात मावेना, आणि शेवटचा रकाना, म्हणजे गावाचं नाव, खालच्या ओळीत घसरला. म्हटलं, बघू उद्या. आणि घरी गेलो.

दुपारी त्या संगणकाच्या खुर्चीवर मी, सकाळच्या पाळीला आमचा फौजी बसायचा. खंडाळ्याकडचा, सैन्यातून निवृत्त होऊन इकडं नोकरीला लागलेला. यादी बघून तो तोडणी टोळ्यांच्या मुकादमांना गावं सांगायचा. त्या दिवशी त्यानं दिसलं तसं वाचलं, एकाचं गाव दुसऱ्याच्या नावापुढं. टोळी भलत्याच शिवारात गेली आणि अजून दोन महिने उभा राहायचा ऊस आडवा करून आली.

"काय दाबलंस रं?" शेती अधिकाऱ्यांनी त्याला विचारलं.

"काय न्हाई सायेब. आलो तवाच आसं हुतं."

"म्हणजे मशीननं आपलं आपणच केलं व्हय?"

सगळे हसले. मीही हसलो. हातात चहा होता, त्यामुळं बोलायची अडचण होती असं नव्हे.

कारखान्यातले संगणक मीच बघतो, मग दुरुस्तीला मलाच बोलावलं. मी दार लावून घेतलं. काम दोन मिनिटांचं: सेटिंगमध्ये जाऊन जुना फॉन्ट निवडायचा, अक्षरांमधलं अंतर शून्यावर आणायचं. मी पाऊण तास लावला आणि उरलेला वेळ मोबाईलवर क्रिकेट बघितलं. बाहेर आलो तेव्हा अधिकारी म्हणाले, "तुम्ही होता म्हणून निभावलं." फौजीची रवानगी गेटवर झाली, ट्रॅक्टरचे नंबर लिहायला.

तीन हंगाम तो मला रोज गेटवर सलाम ठोकत राहिला. मीही मान हलवून तो घेत राहिलो. गेल्या आठवड्यात गाडी थांबवून सांगून टाकलं.

"तवाच वळखलंतं," तो म्हणाला. "दुपारी त्या मशीनवर तुमीच असताय."

"मग बोलला का नाहीत?"

"माझं कोण ऐकतंय? आन् आता मला सांगून काय उपेग? वर सांगा. खुर्ची तितं हाय."

वर गेलो. अधिकाऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि चहा मागवला. "एवढं काय मनाला लावून घेताय? चूक माणसाकडूनच होते." तीच चूक फौजीची होती तेव्हा तो अडाणी होता.

"मग त्यांना परत आत घेऊया?"

"आता कुठं ते उकरत बसता? गेटला शिस्तीचा माणूस लागतोच की."

मी फार आग्रह धरला नाही. चहा घेतला.

आज सकाळी त्यानं गाडीपाशी वाकून विचारलं, "सांगितलंसा?"

"सांगितलं."

"मग?"

मी काच वर केली.