तिसरा ठराव

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी महाडच्या बाईंकडे बोट दाखवीन. त्यांचं नाव इथे लिहीत नाही. त्यांना ते आवडलं नसतं. त्या शाळेत शिकवायच्या आणि सुट्टीच्या दिवशी पोलादपूरकडच्या वाड्यांवर जाऊन महिला मंडळांना मिटिंग घ्यायला शिकवायच्या. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. बी.ए. करताना बाई मला त्या वाड्यांवर इतिवृत्त लिहायला घेऊन जात. एस.टी.चं भाडं त्या भरत आणि वर माझं अक्षर छान आहे असंही म्हणत.

त्यांची पद्धत ठरलेली होती. सगळ्यांनी गोल बसायचं. एकाने बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. जो बोलला त्याचं नाव वहीत. ठराव झाला की खाली सूचक आणि अनुमोदक यांची नावं. आठ दिवसांच्या आत ठरावांची प्रत प्रत्येकाच्या घरी पोचली पाहिजे. आणि ठराव असा लिहायचा की जो मिटिंगला नव्हता त्यालाही कळेल. "अवघड शब्द म्हणजे अंधारात ठेवणं," त्या म्हणत. पदर तोंडाशी धरून बसणाऱ्या बाया वर्षभरात ग्रामसेवकाला प्रश्न विचारताना मी पाहिल्या आहेत. त्यामुळे ही पद्धत कुठेही लागू पडते असं मला वाटायचं.

नोकरीला मी मुंबईत आलो आणि आमच्या गावकऱ्यांनी मिळून घेतलेल्या खोलीत राहू लागलो. तिथे ओळखीतून ओळख होत मी आठ-नऊ पुरुषांच्या एका गटात कसा गेलो, ते मला आजही नीट सांगता येत नाही. ते सगळे असे, की ज्यांचं मन पुरुषातच होतं. त्यासाठी पेपरात येणारा शब्द त्यांना ठाऊक होता, पण तोंडाने तो कुणी उच्चारत नसे. 'आपल्यातला' एवढंच म्हणत. मी त्यांच्यातला होतो का? कुणी विचारलं नाही आणि मीही ठरवलं नाही. रविवारी ते जमत, चहा होई, आणि सगळे एकदम बोलत. एकाला पोलिसांनी धरलं होतं, एकाला घरमालकाने काढलं होतं, काहीतरी केलं पाहिजे यावर सगळ्यांचं एकमत असे, आणि काहीच ठरत नसे.

एकदा मी बोलून गेलो, "तुम्हाला मिटिंग घेता येत नाही."

"तुला येते?" एकाने विचारलं.

"मला शिकवलेली आहे."

"घ्या. साहेब आले," तो म्हणाला. सगळे हसले आणि मला सेक्रेटरी करून मोकळे झाले. त्यानंतर ते मला 'सेक्रेटरी' म्हणूनच हाक मारत.

दिवाळीच्या सुट्टीत मी महाडला गेलो आणि बाईंना विचारलं, एका नव्या मंडळाच्या कार्यकर्त्यांचं दोन दिवसांचं शिबिर घ्याल का. मंडळ कसलं ते मी आडून आडून सांगितलं. मी जे काही बोललो त्यातून त्यांना किती कळलं कोण जाणे. त्या तांदूळ निवडत होत्या. हात थांबला नाही.

"माणसं वाचायला-लिहायला येणारी आहेत ना?"

"हो बाई."

"मग बायांपेक्षा सोपं. शाळेच्या एका वर्गाची किल्ली माझ्याकडे आहे. चादरी त्यांच्या त्यांनी आणाव्यात."

ते सगळे आले. त्यांच्यातले तीन जण तर आमच्याच बाजूचे निघाले. मोठी माणसं चौथीच्या मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसली आणि बाईंनी त्यांना दोन दिवस शिकवलं: विषयपत्रिका कशी करायची, वेळ कशी वाटून द्यायची, भांडण झालं तर अध्यक्षाने काय करायचं, साहेबाला अर्ज कसा लिहायचा. पहिल्या तासाला सगळे गप्प. बाई म्हणाल्या, "पोलादपूरच्या बाया तरी पदराआड बोलायच्या. तुमचा पदर कुठे आहे ते सांगा, म्हणजे मी काढते." मग एक हसला, दुसरा हसला आणि बोलणं सुरू झालं.

हजेरीच्या वहीत चार रकाने होते: नाव, गाव, टपालाचा पत्ता, सही. वही फिरली तेव्हा जो तो पेन हातात धरून शेजाऱ्याकडे बघू लागला. ते मी पाहिलं, पण त्याचा अर्थ मला लागला नाही. एकाने देवाचं नाव लिहिलं, एकाने नटाचं. एकाने पत्त्यात नुसतं 'मुंबई' लिहिलं. फक्त एका जणाने, जो एस.टी.त कंडक्टर होता, स्वतःचं पूर्ण नाव, पोलादपूरच्या वरच्या अंगाची वाडी, पोस्ट, तालुका, जिल्हा, सगळं टपोऱ्या अक्षरात लिहिलं. शिबिरात सगळ्यात मन लावून शिकला तोच.

दुसऱ्या दिवशी तिसरा ठराव त्यानेच मांडला. उभा राहून, अध्यक्षांची परवानगी घेऊन मांडला. घरी त्याचं लग्न ठरवत होते. आई म्हातारी, वडील नाहीत, आणि नाही म्हणायला त्याला तोंड नव्हतं. अनुमोदन कोण देणार असं बाईंनी विचारलं. कुणी हात वर करीना, म्हणून मी केला.

मुंबईला परतल्यावर मी नऊ प्रती हाताने लिहिल्या, पाकिटांत घातल्या, वहीतले पत्ते घातले आणि तिसऱ्या दिवशीच पेटीत टाकल्या. आठ दिवसांची मुदत पाळल्याचं समाधान वाटलं. पुढच्या रविवारी ही गोष्ट मी सांगितली तेव्हा कंडक्टर आला नव्हता. त्याची ड्यूटी होती. बाकीच्यांनी चहाचे कप खाली ठेवले.

"घरी पाठवलंस?" एक म्हणाला. "त्याच्या घरी? त्याच्या आईला वाचता येत नाही रे. तिची पत्रं पोस्टमन वाचून दाखवतो."

हे मला कळायला हवं होतं. माझ्या आजीची सगळी पत्रं आमच्या ओटीवर बसून पोस्टमननेच वाचली होती आणि अर्धी वाडी ऐकायला जमायची. पण वहीत पत्ता होता आणि पत्त्यावर प्रत गेली पाहिजे, एवढंच माझ्या डोक्यात बसलं होतं. नटाच्या आणि देवाच्या नावाची पाकिटं परत येणार होती. खऱ्या पत्त्याचं एकच पाकीट पोचणार होतं.

सोमवारी रजा टाकून पहाटेची गाडी धरली. पोलादपूरच्या पोस्टात विचारलं तर टपाल शनिवारीच वाडीवर गेलेलं. तरी मी चढ चढून गेलो. पाकीट मागून घ्यावं, चुकून आलंय म्हणावं, असा काहीतरी बेत होता. खळ्यात एक म्हातारी बाई भात झोडत होती. मी तिच्या मुलाचं नाव घेतलं.

"तो कामावं हाय. तू कोनाचा रे?"

हा प्रश्न आमच्याकडे साधा नसतो. मी गाव सांगितलं, आमचा वाडा सांगितला. आमच्याकडे वाडे जातीवार, म्हणजे जात सांगितली. तिने हात झटकले आणि म्हणाली, "ओटीवं बस. च्या ठेवते." मी ओटीच्या कडेला टेकलो. चहा घरच्याच कपबशीत आला. वाफाळता कप हातात धरून मी विचार करत राहिलो की आता विषय काढायचा कसा. तोच तिने आत जाऊन माझंच पाकीट आणलं.

"तू शिकलेला दिसतंस. ह्यो कागूद परत वाच जरा. पोस्टमननं भराभर वाचलान. त्याला वरच्या वाडीत जायचं व्हतं."

मी कागद उघडला. माझंच अक्षर. पहिला ठराव वाचला, दर महिन्याला मिटिंग घ्यावी. दुसरा वाचला, वही सेक्रेटरीने सांभाळावी. आणि घडी घातली.

"झालं काकी."

"पोस्टमन तीन बोलला. तू दोनच वाचलंस."

मी कप उचलून चहाचा घोट घेतला.

"वाच. ऐकलाय मी. नीट ऐकायचा हाय."

मग मी वाचलं. बाईंनी शिकवल्याप्रमाणे ते स्वच्छ लिहिलेलं होतं, त्यात लपायला जागा नव्हती. "ज्या सभासदाचं मन पुरुषातच आहे, आणि तरी घरचे त्याचं लग्न मुलीशी लावू पाहतात, त्याच्या घरी दोन सभासदांनी जावं आणि घरच्यांशी शांतपणे बोलावं." खाली सूचक म्हणून तिच्या मुलाचं नाव. त्याच्याखाली अनुमोदक.

"ह्यो दुसरा कोन?"

"मी."

ती खळ्याकडे बघू लागली. कोंबड्या दाण्यांवर आल्या होत्या, त्यांनाही तिने हाकललं नाही.

"म्हंजे बोलाय आलास," ती म्हणाली. "कागदात तर दोघं येनार म्हनून हाय. दुसरा कुठाय?"

मी ठरावाप्रमाणे आलो नव्हतो, पाकीट चोरायला आलो होतो. पण तसं सांगता येईना आणि बोलायला आलो म्हणावं तर एक शब्द सुचेना. बाईंनी दोन दिवसांत सगळं शिकवलं होतं. घरी गेल्यावर काय बोलायचं, हे मी विचारून घ्यायला विसरलो होतो.

"पोराचा मन ज्याच्यात हाय, तो तूच का रे?" तिने हळूच विचारलं.

"मी सेक्रेटरी आहे, काकी."

तिला हे उत्तर पुरलं की नाही, कळलं नाही. मलाही पुरलं नाही. तिने कागद माझ्या हातून घेतला, घडी केली आणि कनवटीला खोचला.

"पोस्टमनला मी बोलले, युनियनचा काय तरी हाय. त्यानं मानलान, नाय तर मानल्यासारखा केलान. आता तू माज्या पोराला सांगू नको, आयशीला कळला म्हनून. लाजंल तो. घरी यायचा बंद व्हईल. तुज्या गळ्याची शपत."

मी शपथ घेतली. उतरताना तिने ओच्यातून मूठभर पोहे बांधून दिले. शिबिराची आठवण काढली की मला वर्गातले ते बाक आठवत नाहीत. त्या चढावरून खाली येतानाचा मी आठवतो, हातात पोह्यांचं पुडकं, आणि काही जमलं की बिघडलं हे न कळलेला.

महिन्याभराने मी बाईंना लिहिलेलं पत्र हे असं होतं:

ती. बाईंस सा. न. वि. वि.

शिबिराच्या प्रती वेळेत गेल्या. त्यातली एक जायला नको होती. ती कुणाच्या घरी गेली आणि पुढे काय झालं ते सोबतच्या कागदावर सविस्तर लिहिलं आहे. चूक माझी आहे, तुमच्या पद्धतीची नाही, असं मला वाटतं. पण खात्री नाही.

ते लग्न मोडलं. काकींनी मुलीकडच्यांना सांगितलं की मुलाची बदली लांब होणार आहे. मुलाला वाटतं की मुलीकडच्यांनीच नकार दिला. तो सुटला आहे, पण थोडा नाराजही आहे. मला म्हणाला, "मला नकोच होतं, पण त्यांनी मला नको म्हणावं असं काय कमी आहे माझ्यात?" मी काय बोलणार? शपथेने बांधलेला आहे.

आता खरी अडचण. काल मिटिंगमध्ये त्याने विचारलं, तिसऱ्या ठरावाची अंमलबजावणी का झाली नाही. घरी दुसऱ्या मुलीची गोष्ट निघायच्या आत दोन सभासदांनी जावं, नाहीतर ठराव कशाला केले, असं तो म्हणाला. त्याचं म्हणणं बरोबर होतं. तुम्हीच शिकवलेलं तो बोलत होता. येत्या रविवारी मी आणि दुसरा एक जण जाणार असं ठरलं. तो स्वतः आम्हाला घेऊन जाणार आहे.

म्हणजे मला त्या ओटीवर पहिल्यांदाच आल्यासारखं बसावं लागेल. काकी मला ओळख दाखवतील की नाही, ठाऊक नाही. आई मुलापासून लपवते आहे आणि मुलगा आईपासून, आणि लपवण्यासारखं आता काही उरलेलंच नाही. हे मला दिसतं, पण बोलून दाखवायचा अधिकार माझा आहे का, ते कळत नाही. सेक्रेटरीने शपथ मोडावी का? आणि तिथे मी सेक्रेटरी म्हणून बसू की सभासद म्हणून, हेही सांगा. काकींनी वेगळ्या शब्दांत तेच विचारलं होतं, मला धड उत्तर देता आलं नाही.

पत्र शाळेच्या पत्त्यावर पाठवत आहे, म्हणजे ते तुम्हीच उघडाल. उत्तर शनिवारपर्यंत आलं तर बरं होईल. नाही आलं तरी मी जाईन.

आपला विद्यार्थी