कीबोर्डला हात लावायचा नाही

"ए, कीबोर्डला हात नको लावू. नीला हो जाएगा सब," सर म्हणाले. अख्खी लॅब माझ्या बोटांकडे बघायला लागली.

उल्हासनगरातलं कॉलेज. कॉम्प्युटरचं पहिलं वर्ष. बोटं निळीच होती माझी. अंबरनाथला आमच्या घरी जीन्सचे गठ्ठे येतात. शिलाईनंतर लोंबणारे धागे आई आणि मी कापतो, हे कॉलेजात सगळ्यांना ठाऊक. कोऱ्या कापडाचा रंग बोटांत मुरतो, साबणाने जात नाही. पण एकदा वाळला की कशालाच लागत नाही. हे सरांना सांगता आलं असतं. मी हात ओढणीखाली घेतले आणि सगळ्यांबरोबर हसले. हो, हसले. अजून लाज वाटते त्याची.

एका कॉम्प्युटरवर आम्ही दोघी, मी आणि रिया. मग तसंच ठरून गेलं. मी सांगायचं, रियाने टाईप करायचं. प्रोग्राम चालला की सर म्हणायचे, "व्हेरी गुड, रिया." मी मान डोलवायचे.

त्या दिवशी मूळ संख्या ओळखायचा प्रोग्राम होता. मी एकेक ओळ सांगत गेले. दोनपासून सुरू करायचं, दिलेल्या संख्येच्या आधीपर्यंत प्रत्येक संख्येने भागून बघायचं. कशानेच पूर्ण भाग गेला नाही, तर ती मूळ. सात टाकला, उत्तर बरोबर. नऊ टाकला, तेही बरोबर. मग सरांनी एक टाकला. स्क्रीनवर आलं, मूळ संख्या आहे.

"ये किसने किया?"

"सर, हिने सांगितलं. मी फक्त टाईप केलं," रिया म्हणाली.

"एक कधी प्राईम असतो का? सवलतीत ॲडमिशन घेतात आणि इथे येऊन बसतात. जा, धागेच काप तू."

लॅब खदखदून हसली. मेल्याहून मेल्यासारखं झालं. चूक माझीच होती, आणि मला ती दिसलीही होती. एकाच्या बाबतीत भागून बघायला संख्याच उरत नाही, म्हणून प्रोग्राम थेट मूळ म्हणून मोकळा होतो. एका ओळीचं काम. मी हात पुढे केला. सरांनी तो पट्टीने बाजूला सारला. "बोललो ना, हात नाही लावायचा."

घरी येऊन ब्लीचिंग पावडरने बोटं घासली. कातडं सोललं, रंग तसाच.

"काय झालं गं? कोणी काय बोललं का?" आईने विचारलं.

"तुझ्या या कामामुळे होतंय सगळं," मी खेकसले.

तिने आपले हात हळूच पदराखाली घेतले. सरांनी माझं जे केलं, तेच मी आईचं केलं होतं. जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

पुढच्या प्रॅक्टिकलला मी आधी जाऊन कीबोर्डसमोर बसले. रियाला म्हटलं, "मी टाईप करते." संख्या दोनपेक्षा लहान असेल तर मूळ नाही, ही ओळ माझ्या हाताने घातली. एक टाकला. मूळ नाही.

सर मागे येऊन उभे. "ऊठ. काय सांगितलं होतं तुला?"

"रंग लागत नाही, सर. लागला तरी मी उठणार नाही."

कुणी हसलं नाही. कुणी माझ्या बाजूनेही बोललं नाही. मी कीबोर्डवरचे हात तसेच ठेवले.

"मार्क माझ्याकडे आहेत," सर म्हणाले.

असू देत. नापास करा, मी पुन्हा परीक्षेला बसेन. पण माझा प्रोग्राम यापुढे दुसरं कुणी लिहिणार नाही.