तोंड कापलं, आवाज ठेवला

"विहीणबाई, तुम्ही कवा येता?"

सुमनबाईंनी अंधारात माझ्या कानाशी तोंड आणून विचारलं. सुमनबाई म्हणजे माझ्या मुलीच्या सासूबाई. चंद्रपूरच्या एका हॉलमध्ये पिक्चर चालू होता. अर्धा होऊन गेला होता आणि मी अजून पडद्यावर आले नव्हते.

"येतो ना, थांबा. घाई काऊन करता?" मी म्हटलं.

पडद्यावर सून आंगणात बसून तांदूळ निवडत होती. जंगल खात्याचा गार्ड सपरीत, म्हणजे घरापुढच्या पडवीत, टोपी मांडीवर ठेवून बसला होता. मागे आतल्या खोलीचं दार लोटलेलं. दारामागून म्हातारीचा आवाज आला, "आला का वो तो?"

आवाज माझा होता. त्या दारामागे खाटेवर मीच होते. दार काही उघडेना.

सुमनबाईंच्या पलीकडे माझी मुलगी माला बसली होती. ती सरळ समोर पाहत होती. माझ्याकडे पाहायचं नाही असं ठरवल्यासारखी.

मी धंद्याने नटी. झाडीपट्टीच्या नाटकाची. लांबच्या वाचकांना हे नाटक माहीत नसेल, म्हणून सांगते. धान निघालं की आमच्याकडे गावोगावी मंडईची जत्रा भरते, बैलांच्या शर्यती होतात, आणि त्याला लागून नाटक असतं. कंपन्या बहुतेक आमच्या वडसा गावच्या. प्रेक्षक तणसावर, म्हणजे धानाच्या पेंढ्यावर, रात्रभर बसतात. स्टेजवर वरून माईक टांगलेले असतात. ज्याचं बोलणं आलं तो माईकखाली येतो आणि तोंड वर करून बोलतो. रडायचं असेल तरी माईकखाली येऊनच रडायचं, आणि टाळी येईपर्यंत थांबायचं नाही. मी चौथी शिकले. नाटकं मात्र ऐकून ऐकून पाठ केली. काळे केस होते तेव्हा नायिका केली, पांढरे झाले तेव्हा आई.

माला माजरीला दिली. जावई कोळशाच्या खाणीत आहे. लग्न जमवताना मालाने तिकडे सांगितलं, आई शिलाई करते. "नाटकवाली" हा शब्द आमच्याकडे कोणत्या तोंडाने म्हणतात हे मला कोणी शिकवायला नको. मी गप्प बसले. तिच्या घरी गेले की मी शिवणारी बाई. सुमनबाईंनी एकदा ब्लाऊज शिवायला दिला, तो मी वडशाला आणून टेलरकडून शिवून घेतला. त्या म्हणाल्या, हात चांगला आहे तुमचा.

मग निखिल आला. पुण्याचा डायरेक्टर. वय माझ्या नातवाएवढं. एक म्हातारी नटी शोधत वडशाला आला होता.

"मावशी, तीन माणसं, एक घर, एक दिवस. एवढाच पिक्चर."

"बाकीचे कुठी गेले?"

"बाकीचे लागत नाहीत."

"गाणं?"

"नाही."

"कॉमेडीवाला?"

"नाही."

"मंग लोक बसतीन कायले?"

"तुम्ही बसवाल," तो हसून म्हणाला.

गोष्ट साधी होती. जंगलाकाठचं घर. मुलगा मोहफुलं वेचायला गेला आणि वाघाने मारला. गार्ड ती बातमी घेऊन येतो. सून त्याला सांगते, आत सासू आहे, तिला एवढ्यात सांगू नका. दिवसभर सासू आतून विचारते, आणि ही दोघं काहीतरी उत्तर देऊन वेळ काढतात. संध्याकाळी सासू बाहेर येते. तिला सगळं आधीच कळलेलं असतं. मग तिचा मोठा सीन. तो माझा.

निखिलने मला लॅपटॉपवर असे दोन-तीन पिक्चर दाखवले. जगात नाव झालेले, म्हणाला. भाषा कळली नाही. माणसं एका खोलीतून बाहेरच पडत नव्हती. पण मी उठले नाही, हे खरं.

मी मालाला फोन केला. तिने विचारलं, "मोठा पार्ट हाये?"

"तिघंच हावोत पूर्ण पिक्चरमधी."

"पिक्चर म्हणजे खराच पिक्चर ना? नाटक तर नाई?"

"खराच."

"मंग घरी सांगतो मी," ती म्हणाली.

मला या पिक्चरमधून काय हवं होतं ते एवढंच. नाटकाचं काही उरत नाही. स्टेज सोडलं की बांबू लोकांचे आणि तणस बैलाचं. पिक्चर उरतो. मुलीने चार लोकांत बोट दाखवून म्हणावं, ती पाहा माझी आई. शिलाईवाली नाही.

शूटिंग मोहर्लीजवळच्या एका गावात. कवेलूचं, म्हणजे कौलांचं, मातीचं घर. वाघ पाहायला जाणाऱ्या सफारीच्या जिप्सी गेल्या की साउंडवाला हात वर करायचा आणि सगळे थांबायचे. सून झालेली पल्लवी नागपूरची. गार्ड झालेला माणूस मुंबईचा, कमी बोलणारा. दोघं काम करायचे म्हणजे काहीच करायचे नाहीत. मान खाली, बोलणं तोंडातल्या तोंडात. मला वाटायचं, यांना पाठ नाही.

माझी अडचण पहिल्या दिवसापासून होती. पिक्चरमध्ये लांब काठीला माईक बांधून तो नटाच्या डोक्यावर धरतात. त्याला बूम म्हणतात. तो कॅमेऱ्यात दिसत नाही. मला मात्र दिसायचा. आणि वर माईक दिसला की माझं तोंड आपोआप वर जायचं. नुसतं वर जायचं नाही, पाय पण त्याच्याखाली सरकायचे.

"कट. मावशी, माईक तुमच्याकडे येईल. तुम्ही त्याच्याकडे जाऊ नका."

"बरं."

पुन्हा तेच. साउंडवाल्याने काठी मागे नेली, मी मागे वळले. लुगड्याच्या आत छोटा माईक लावून पाहिला, तर कापडाची घासघास यायची. पल्लवी एकदा हसत म्हणाली, "बाई, तुम्ही सूर्यफुलावानी करून राह्यल्या."

"तू आपली पडली राय मोहाच्या फुलावानी," मी म्हटलं. सगळे हसले. निखिल हसला नाही.

मग माझा मोठा सीन घेतला. संध्याकाळचं ऊन होतं. मी बाहेर आले, सपरीच्या खांबाला धरून बसले आणि रडले. मनापासून रडले. कट म्हटल्यावर गावातल्या बाया कुंपणामागून डोळे पुसत होत्या. मी निखिलकडे पाहिलं. तो मॉनिटरकडे, म्हणजे शॉट दिसतो त्या छोट्या टीव्हीकडे, पाहत होता.

"छान," तो म्हणाला. हे असं छान मी पुष्कळ ऐकलं आहे. पडलेल्या नाटकाच्या मालकाकडून.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो म्हणाला, "मावशी, आज कॅमेरा तुमच्यावर नाही. नुसता आवाज घ्यायचाय. आत खाटेवर निजा. दार लोटून घेतो. तुम्हाला वाटेल तेव्हा विचारा, मुलगा आला का म्हणून. बाहेर ही दोघं सीन करतील."

"माईक कुठी हाये?"

"आहे कुठेतरी. तुम्ही शोधू नका."

मी निजले. उकाडा होता. वर पाहायला काही नव्हतं, नुसते कवेलू. नाटक कोणाला दाखवू? आठवण आली की विचारायचे, "आला का वो तो?" पल्लवी बाहेरून काहीतरी सांगायची. मी पुन्हा विचारायचे. कंटाळा आला होता, तो आवाजात उतरला असेल. शेवटी तोंड सुकलं. खाटेखाली तांब्या होता. मी उठून बसले आणि सावकाश पाणी प्यायले. तेवढा वेळ विचारलं नाही. बाहेर पण शांत झालं. बऱ्याच वेळाने निखिलने दार उघडलं. त्याचे डोळे भरले होते.

मला वाटलं, पल्लवीने चांगलं काम केलं असेल.

त्यानंतरही शूटिंग चाललं. माझ्या तोंडाचे शॉट रोज घेत होते. आता निखिल मला टोकत नव्हता. माईककडे पाहिलं तरी "ओके" म्हणायचा. मी समजले, सुधारले.

आता पुन्हा त्या हॉलमध्ये या.

पिक्चर शेवटाला आला. संध्याकाळचं तेच ऊन. मी मनात म्हटलं, आता. सुमनबाईंना कोपराने खूण केली. पडद्यावर सून दाराकडे पाहत होती. गार्ड दाराकडे पाहत होता. दिवसभर विचारणारी म्हातारी आता विचारेना. दोघं वाट पाहत राहिली की ती विचारेल. ती विचारेना. म्हणजे तिला कळलं. पल्लवीच्या हातातलं सूप हळूहळू खाली आलं. पिक्चर संपला.

हॉलमध्ये लोक रडत होते. कोणी उठेना. मी पण उठले नाही. त्या शांततेत दाराआड मी पाणी पीत होते.

पिक्चर चांगला आहे. हे मला लिहायचं नव्हतं, पण खोटं कशाला लिहू? नाटकात माणूस दिसला नाही तर तो नसतो. इथे दोनच माणसं समोर होती, म्हणून न दिसणारी तिसरी सगळ्या घरभर झाली होती. मी खांबाला धरून रडले असते तर ते घर लहान झालं असतं. हे मला तिथे बसल्या बसल्याच कळलं. कळल्याने बरं वाटलं असं नाही.

दिवे लागले. निखिल, पल्लवी आणि तो मुंबईचा माणूस पुढे खुर्च्यांवर बसले. कॉलेजच्या एका सरांनी विचारलं, "आईला शेवटपर्यंत न दाखवण्याची कल्पना कशी सुचली?"

निखिल म्हणाला, "लिहितानाच. पहिल्यापासून ती दाराआडच होती."

मी उभी राहिले. "खोटं बोलू नको, निखिल."

माझ्या आवाजाला माईक लागत नाही. सगळा हॉल वळला. काही लोक हसले, त्यांना वाटलं ही पण गंमत आहे.

निखिल उठून म्हणाला, "या आपल्या कौशल्याबाई. आईचा आवाज यांचा आहे." लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"आवाज नाई. मी पूर्ण होती, तोंडासकट. जलमभर झाडीपट्टीच्या स्टेजवर काम केलं मी. दाराआड बसाले नव्हती आली."

पुन्हा टाळ्या. मालाने माझा पदर खाली ओढला. दात आवळून म्हणाली, "आई, बस खाली. इथी नाटक नको करू."

मी बसले. सुमनबाई माझ्याकडे पाहत होत्या. रागाने नाही. भाजीवाल्याने काटा मारलेला कळल्यावर बाई पाहते तसं.

"स्टेजवर?" त्या म्हणाल्या. "तुम्ही तर शिलाई करत होत्या ना?"

माला पर्स उचलून उठली.

"आन् खाटेवर पडून बोलाचंच काम होतं, त मले सांगाचं. मी बी बोलली असती," असं म्हणून त्या चपला शोधायला वाकल्या.

बाहेर गेटपाशी मी निखिलला गाठलं.

"कवा ठरवलं हे?"

तो खोटं बोलेल असं वाटलं होतं. बोलला नाही. "नुसता आवाज घेतला ना, त्या दुपारी."

"मंग त्याच्यानंतर माझं तोंड कायले घेत होता रोज?"

"सांगितलं असतं तर तुम्ही निघून गेला असता, मावशी. मला अजून तुमचा आवाज हवा होता."

"गेलीच असती."

"म्हणून."

"कॅमेरा तरी चालू राहे का?"

त्याने खाली पाहिलं. "कधी कधी," म्हणाला.

रस्त्यावर जावयाने गाडी लावली होती. माला आधीच आत बसली होती, काच वर करून. सुमनबाई पुढच्या सीटवर. मी म्हटलं, मी बसने जाईन वडशाला. कोणी नको म्हटलं नाही.

पिक्चर पुष्कळ फिरला. पेपरात आलं की फक्त दोन नटांवर आणि एका घरावर केवढं मोठं काम केलं. पल्लवीला मुंबईत कामं मिळाली. निखिलने मला फोन केला होता, नव्या पिक्चरसाठी. त्यात एकच माणूस आहे, म्हणाला. मी फोन ठेवला.

माला आता माझ्याकडे येत नाही. फोन करते, जावई ड्युटीवर आणि सासू देवळात असली की. सुमनबाई कॉलनीत सांगतात, आमची सून नाटकवालीची पोर आहे, लग्नात फसवलं आम्हाला. मालाने एकदा विचारलं, "तुले उभं राह्याची काय गरज होती वो?" मी म्हटलं, "तू मले दोन तास पाह्यलं नाई, म्हणून उभी राह्यली." तिने फोन ठेवला. पुन्हा केला, पण त्यावर बोलली नाही.

वडशाला हल्ली पिक्चरवाले येतात. कंपनीतल्या पोरी मला विचारायला येतात, बाई, दोन-तीनच जणांचा पिक्चर आहे, आपला पार्ट मोठा असेल ना? मी सांगते, आपल्या नाटकात वीस माणसं असतात. खेळ लांबला तर मालक कोणाचंही काहीही कापतो, आणि आपण वाचतो. तिघांच्या पिक्चरमध्ये कापायला पण तिघंच असतात. त्यातल्या दोघांना काम येत असेल, तर हिशोब आपला आपण करायचा.