दोन खाचांची नळी

सासरच्या माणसाला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये, या धास्तीपायी मी एकदा एका चांगल्या नेमबाजाचं नुकसान केलं. तो माझा मेहुणा होता, बायकोचा धाकटा भाऊ.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. आम्ही घाटकोपरला राहत होतो. दर रविवारी सकाळी मुलुंडच्या डोंगराच्या पायथ्याशी आमच्या रायफल क्लबची चांदमारी चाले. स्पर्धेसाठी चौघांचा संघ निवडायचं काम माझ्याकडे होतं. तीन जागा ठरल्यासारख्या होत्या. चौथीसाठी मेहुणा चेंबूरहून सायकल हाणत येई. नोकरी त्याला वडिलांच्या ओळखीनं लागली होती, ही जागा मात्र स्वतःच्या हातानं मिळवायची होती. तसं तो बोलूनही दाखवी.

त्या महिन्यात नवी काडतुसं आली आणि त्याचा नेम बिघडला. इतरांच्या गोळ्या निशाणावर तळहाताएवढ्या जागेत बसत, याच्या परातभर पसरत.

"हात हलतोय तुझा. घोडा दाबताना खांदा उडवतोस," मी म्हणालो.

"नाही हो भावोजी. शप्पथ. हात दगडासारखा आहे."

"मग काय बंदूक हलते? याच बंदुकीनं उन्हाळ्यात मी काय पुंजका मारला होता, विसरलास?"

मागून आमच्यातला एक जण हसला. "अरे, भावोजींवर आळ घेतोस? घरी जेवायला मिळायचं नाही रे!"

सगळे हसले, मीही हसलो. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं होतं. त्याला वगळायला कारण मिळालं होतं. पुढचे तीन रविवार मी त्याच्या उजव्या हाताशी बसून प्रत्येक गोळीला तेच म्हणत राहिलो, "हात बघ, हात." तो मान डोलावी.

निवडीच्या आदल्या दिवशी मी निशाणामागच्या मातीच्या बांधातल्या गोळ्या उकरायला गेलो. शिसं जमा करून ठेवायची आमची रीत होती. जुन्या गोळ्यांचं बूड सपाट होतं. नव्या मागे निमुळत्या होत होत्या, होडीसारख्या. त्यांतल्या बहुतेकांवर गोळीला फिरकी देणाऱ्या नळीतल्या खाचांचे पाच ठसे स्वच्छ उठले होते. काहींवर मात्र दोनच होते, तेही पुसट आणि एका अंगाला झुकलेले. मी तसाच शस्त्रांच्या खोलीत गेलो आणि एकेक नळी उजेडाकडे धरून पाहिली. मेहुण्याच्या बंदुकीत दोनच खाचा होत्या. युद्धाच्या घाईत तशा नळ्या काढल्या जात, हे मी ऐकून होतो. सपाट बुडाची गोळी दारूच्या दाबानं फुगून खाचांत घट्ट बसते आणि नीट फिरत जाते. निमुळती तशी फुगत नाही. पाच खाचांत ती निभावून नेते, दोनांत तिची पकड सुटते. माझा उन्हाळ्यातला पुंजका जुन्या गोळ्यांचा होता.

खात्रीसाठी त्याच बंदुकीतून दोन्ही जातीच्या पाच-पाच गोळ्या झाडल्या. जुन्या एकत्र बसल्या, नव्या परातभर पसरल्या.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांसमोर निशाणांचे ते दोन्ही कागद ठेवले आणि माझी चूक सांगितली. याला पाच खाचांची बंदूक द्या, असंही म्हणालो. "आलं बघा मेहुण्याचं प्रेम उतू!" कुणीतरी म्हणालंच. ते ऐकून मला काहीच झालं नाही. त्यालाच तर मी इतके दिवस भीत होतो.

मेहुणा माझी पाच खाचांची बंदूक घेऊन आडवा झाला. पहिल्या दोन गोळ्या मधोमध बसल्या. तिसऱ्या वेळी मी त्याच्याकडे पाहत होतो. घोडा दाबायच्या आधीच त्याचा खांदा उडाला. चौथ्या वेळीही उडाला. पूर्वी तो कधी तसा उडाला होता का, आठवेना. मी पाहिलाच नव्हता, नुसतं म्हणत होतो.

"भावोजी, आता मात्र हलला हं," तो उठत म्हणाला. आवाजात राग नव्हता.

चौथी जागा दुसऱ्याला गेली, आणि ती रीतीनंच गेली. पुढच्या रविवारी मेहुणा आला नाही. मी चेंबूरला जाऊन म्हटलं, "चल रे, ती बंदूक आता तुझीच समज."

तो सायकलच्या चाकात हवा भरत होता. "नको हो. तिथं आडवं झालं की निशाण दिसतच नाही. नुसतं हाताकडे लक्ष जातं."