साडूसाहेबांची शिट्टी

संकटाची वाट पाहत जगणारा माझ्या साडूंसारखा माणूस साऱ्या आखातात दुसरा नसेल. दुबईत एका टॉवरच्या साइटवर ते सेफ्टी ऑफिसर होते, पण घरीही त्यांची ड्युटी संपत नसे. शारजात, अल नहदाच्या आमच्या फ्लॅटमध्ये मुलीचा वाढदिवस होता, तेव्हा केक कापण्याआधी त्यांनी सगळ्या पाहुण्यांना जिना दाखवून आणला. स्वतः लिफ्टवर विश्वास नको म्हणून भर उन्हाळ्यात सात मजले चढून यायचे आणि घामाघूम होऊन म्हणायचे, "एकदम सेफ!" गळ्यात शिट्टी कायम. ताई, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, सांगायची, "बोहल्यावर चढायच्या आधी ह्यांनी मांडवाचे खांब हलवून पाहिले होते."

मंदी येऊन वर्ष झालं होतं. क्रेन जागच्या जागी थांबल्या होत्या, रोज कुणीतरी गाशा गुंडाळत होतं. जरा मन रमावं म्हणून हिवाळ्यातल्या एका शुक्रवारी आम्ही पाचजण रास अल खैमाच्या डोंगरात चालायला गेलो. तिथे कोरड्या नदीपात्राला वाडी म्हणतात. दोन्हीकडे उभे कडे, झाड औषधालाही नाही. दोन तास चालून सतरंजी पसरली, ठेपले काढले, तोच साडूसाहेब उठले. फार लांब, डोंगरमाथ्यावर काळा ढग दिसत होता.

"यल्ला, सगळे वर चढा! पात्रात थांबायचं नाही."

"अहो, इथे पाऊस कुठाय?" मी हसलो. "खाऊ तरी द्या."

"पाऊस तिथे पडतो, पाणी इथे येतं. खलास, चर्चा नको!"

शिट्टी अशी कर्कश वाजली की हातातले ठेपले टाकून आम्ही चढू लागलो. तीन पुरुष उंचीवरच्या एका सपाट खडकावर पोचल्यावर त्यांनी डोकी मोजली. चारच भरली. माझी नऊ वर्षांची मुलगी मागे राहिली होती.

बायकोने मारलेली हाक कड्यांवर आपटून परत आली. वरच्या अंगाने डंपरमधून खडी ओतल्यासारखा आवाज येऊ लागला. माझे पाय जागचे हलेनात. हा लिफ्टला भिणारा माणूस मात्र बसल्याबसल्या घसरत खाली गेला आणि वळणापलीकडून मुलीला खांद्यावर टाकून पळत आला. ती रंगीत दगड वेचत बसली होती. "बट काका, माय स्टोन्स!" म्हणून वर भांडतही होती. मी दोघांना हात देऊन ओढून घेतलं आणि चहाच्या रंगाचा लोंढा आमची सतरंजी घेऊन गेला.

पाणी ओसरेपर्यंत तिथेच बसून राहिलो. बायका मुलीला कुशीत घेऊन पलीकडे होत्या. साडू माझ्या शेजारी बसून शिट्टीवरची माती पुसत होते.

"तीन आठवडे झाले मला काढून," ते हळूच म्हणाले. "माझ्या साइटवर एकही माणूस दगावला नाही, राव. पण काम बंद पडलं की अपघात कुठले? मग पहिला जास्तीचा माणूस मीच. रोज सकाळी निघतो आणि बागेत बसतो. हिला बोलू नका."

मी शब्द दिला आणि घरी येताच मोडला. बायको शांतपणे म्हणाली, "ताईला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तरी रोज डबा देते. हल्ली तर सगळं त्यांच्या आवडीचंच करते. म्हणते, सांगायचं तेव्हा सांगतील, तोवर बागेत उपाशी नको बसायला."

महिनाभरात दोघं सांगलीला परतले. ताईला त्यांनी कधी सांगितलं, की न सांगताच सामान बांधलं, ते मला ठाऊक नाही. विचारायचा धीर अजून होत नाही.