सायलेन्सरचे कुंकू

दसऱ्याला गाड्यांवर कुंकू दिसले की ती घटना मला आजही आठवते.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी भरदुपारी मस्तगड भागात एक बैलगाडी उधळली आणि भाजीवाल्या बाईचा पाय मोडला. लोकांनी गाडीवानाला चोप देऊन आमच्या पोलीस ठाण्यात आणले. तो प्यायलेला होता, असे सगळे छातीठोकपणे सांगत होते. तपासणीत दारू निघाली नाही, तरी निष्काळजीपणाचा गुन्हा त्याच्याच अंगावर येणार होता. त्याचे एकच पालुपद होते.

"साहेब, माझा बैल लई गरीब हाय. मागून बुलेटनं फटाक्यावानी बार काढला, मंग बुजला."

अंगावर आले की माणूस दुसऱ्याकडे बोट दाखवतो. माझा विश्वास बसला नाही.

संध्याकाळी तिथल्या चहावाल्याचा फोन आला. "माझं नाव घेऊ नका साहेब. बुलेट अंबड रोडच्या त्या बागायतदाराच्या पोराची हाय. बिलकुल खरं सांगून राह्यलो."

खबऱ्याची कुणाशी खुन्नस आहे का, हे मी आधी पाहतो. तसे काही निघाले नाही. सकाळी पंच घेऊन त्या घरी गेलो. बुलेट दारातच होती; चालू करायला लावली, तर आवाज अगदी सोज्वळ. मुलगा म्हणाला, "बराबर बघा, सायलेन्सर कंपनीचाच हाय. मी काल भाईर गेल्तोच न्हाई."

उत्तर फार सफाईदार होते. मी गाडीभोवती फिरलो. दिवा, टाकी, दोन्ही चाके, सगळीकडे पूजेचे कुंकू. सायलेन्सर मात्र कोरा.

"तापतो ना, तिथं लावत न्हाईत," तो म्हणाला.

घरचे लोक अपेक्षित प्रश्नांची उत्तरे घोकून ठेवतात. म्हणून दारात उभ्या असलेल्या त्याच्या आईला मी भलतेच विचारले, "ताई, गाडीची पूजा कुणी केली?"

"मीच की."

"मग सायलेन्सरला कुंकू लावायचं राहिलं वाटतं?"

"राहील कसं? पाची बोटं वढली. नवाच व्हता, चांदीवानी चमकत..."

ती थांबली. लेकाचा चेहरा पडला होता. बाप घाईने म्हणाला, "तिला काय कळतंय साहेब!"

आता ही शब्द फिरवणार, असे मी धरूनच चाललो. पोटच्या पोरासाठी आई देवाचीही खोटी शपथ घेते. पण तिने विचारले, "त्या गाडीवानाचं काय केलं?"

"ठाण्यात बसवलाय. गुन्हा त्याच्यावरच लागेल."

ती आत गेली आणि जुन्या लुगड्यात गुंडाळलेला सायलेन्सर घेऊन आली. कुंकू जळून काळे पडले होते, पण पाच बोटे स्पष्ट दिसत होती.

"काल यानं कोठीत ठिवला, मी इचारलं न्हाई," ती म्हणाली. "पूजा करून हात जोडले व्हते मी या सायलेन्सरला. घेऊन जा, आन् त्या माणसाला जल्दी सोडा."

पंचनामा झाला, मुलाने कबुली दिली, गाडीवान बैलाला वैरण घालायला घरी गेला.

संशयावर मी अख्खी नोकरी काढली. त्या घराच्या दारापर्यंत मला संशयानेच नेले, हे खरे. पण त्या बाईने खरे बोलून सायलेन्सर आणून दिला नसता, तर तो गाडीवान मला आजही खोटारडाच वाटला असता.