भेक मात्र उरले

फळ्यावर उभी रेघ मारून दर जुलैत मी दोन रकाने करायची. डावीकडे बेडूक, उजवीकडे भेक. बेडकाची कातडी ओली, गुळगुळीत. भेकाची कोरडी, चामखिळांची. बेडूक लांब उडी मारतो, भेक मात्र हलायचाही कंटाळा करतो. शेवटचं वाक्य माझ्या पदरचं होतं आणि मुलं नेमकं तेवढंच पाठ करायची.

एकोणीसशे सत्तरनंतरच्या वर्षांतली गोष्ट. चिंचवडजवळच्या एका कॉलेजात मी प्राणिशास्त्राची प्रात्यक्षिकं घ्यायची. चिरफाडीला लागणारे बेडूक ओढ्याकाठचे एक शेतकरी मामा ओल्या गोणपाटात घालून आणून देत. माझी मागणी ठरलेली, "मोठ्या माद्याच आणा." मादीचं पोट उघडलं की अंडाशय लगेच दिसतं, मुलांना आकृती काढायला बरं. तास संपल्यावर काळी अंडी बादलीभर निघायची. शिपाई ती मोरीत ओतायचा.

मामा एकदा म्हणाले, "बाई, अंड्यांवर आल्यात ह्या. नर घ्या की. ह्यांना ऱ्हाऊ द्या."

"अभ्यासक्रम काय मी ठरवते, मामा?" मी फटकारलं. अभ्यासक्रमात नरही चालत होता. हौस माझी होती.

पुढे बेडूक कमी होत गेले. ओढ्यात तोवर कंपन्यांचं पाणी यायला लागलं होतं, त्यामुळे खापर कुणाच्या माथी फोडायचं हे आयतंच ठरलं. स्टाफरूममध्ये मी तावातावानं बोलायची. वाघ वाचवायचा कायदा आला होता; त्यात बेडूक आहे का, हे मात्र मी कधी उघडून पाहिलं नाही. मग एका पावसाळ्यात मामांनी गोणपाट माझ्यासमोर उपडं केलं. सगळे भेक.

"त्याच पान्यात ऱ्हात्यात हे," ते म्हणाले. "ह्यांना कुनी कापलं न्हाई."

भेक मुळातच चिवट, असं मी मनाला समजावलं. मन काही ऐकेना. मला लाज वाटली, फार लाज वाटली.

पुढच्या वर्षी त्यांनी डब्यात एकच मादी आणली. "येवढीच गावली, बाई. पोरांना दावा. उद्या दुपारी येतो, परत न्हेऊन सोडतो."

मी हो म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी विद्यापीठाची समिती आमचा वर्ग बघायला आली. विभागप्रमुखांनी बेडकाचा ट्रे मांडायला सांगितलं. आज भेकावर भागवू, एवढं बोलायला माझी जीभ रेटली नाही. नोकरी अजून कायम व्हायची होती. मामांच्या डब्यात क्लोरोफॉर्मचा बोळा मीच टाकला. अंडाशय गच्च भरलेलं होतं. समितीतले एक गृहस्थ वाकून बघत म्हणाले, "सुंदर नमुना."

दुपारी मामा आले. हातात काठोकाठ भरलेली बादली.

"द्या, बाई. वाटंत तरास नको म्हनून विहिरीचं पानी आनलंय."

मी दारातच उभी राहिले. त्यांना आत येऊ दिलं नाही.